मदर मॅरिअ‍ॅन कोप, कुष्ठरोग आणि ड्रेसिंगच्या खोलीतलं काम

परिचारिका_नौपाडा

जानेवारीत दोन तारखा आठवड्याच्या अंतराने येतात. २३ तारखेला कॅथलिक दिनदर्शिकेत संत मॅरिअ‍ॅन कोप यांचा सण, आणि ३० तारखेला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, आपला कुष्ठरोग निर्मूलन दिन. सरकारी दवाखान्यात काम केलेल्यांना दुसरी तारीख पाठ असते. बॅनर लागतात, शपथ होते. पहिली तारीख मला एका सिस्टरमुळे कळली.

मी ख्रिस्ती नाही. नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) झाल्यावर पहिली नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात लागली. तिथल्या कुष्ठरोग विभागात ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सिस्टर मूळ केरळच्या. त्यांचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मध्यंतरी त्या गेल्या. चार ठिकाणी श्रद्धांजली वाचली आणि सगळीकडे तेच शब्द: करुणेची मूर्ती, देवदूत, त्यागाचा पुतळा. यातलं खोटं काही नाही, पण बाईंनी आयुष्यभर जे काम केलं ते त्यात कुठेच दिसेना. त्या उत्तम नर्स होत्या, हे कुणालाच लिहावंसं वाटलं नाही. म्हणून हा धागा.

आधी मॅरिअ‍ॅन कोप यांच्याबद्दल, कारण आमच्या सिस्टर त्यांना आपल्या धंद्यातली थोरली बहीण मानायच्या.

मूळ नाव बार्बरा. जन्म २३ जानेवारी १८३८, जर्मनीतल्या हेपनहाइमचा. त्या अगदी लहान असतानाच घर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी गेलं. वडील आजारी पडले, पाठची भावंडं लहान, म्हणून आठवीनंतर शाळा सुटली आणि कापडाच्या कारखान्यात काम सुरू झालं. मठात जायचं मनात होतं, पण घर मार्गी लागेपर्यंत थांबल्या. १८६२ मध्ये सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांमध्ये दाखल झाल्या तेव्हा वय २४. (आमच्या बॅचमध्ये निम्म्या मुलींची हीच गोष्ट होती. थोरली लेक, आधी धाकट्यांचं, मग स्वतःचं.)

सुरुवातीला शिक्षिका होत्या. मग इस्पितळाचं काम अंगावर आलं. युटिकाचं सेंट एलिझाबेथ १८६६ चं आणि सिरॅक्यूजचं सेंट जोसेफ १८६९ चं, ही त्या भागातली सुरुवातीची इस्पितळं. दोन्ही उभी करण्यात त्यांचा हात होता, आणि सेंट जोसेफचा कारभार १८७० पासून काही वर्षं त्यांच्याचकडे होता. धर्म, वर्ण न बघता रुग्ण घ्यायचे. दारूडा म्हणून सगळ्यांनी हाकललेला माणूसही घ्यायचा. त्यावरून लोक नाराज झाले, पण त्यांनी धोरण बदललं नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकू दिलं, पण एका अटीवर: रुग्णाची तयारी नसेल तर त्याला विद्यार्थ्यांपुढे ठेवायचं नाही. ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट! मी माझ्या नोकरीत पलंगाभोवती पंधरा-वीस पोरं उभी राहिलेली आणि बाईच्या अंगावरची चादर तिला न विचारता ओढलेली पाहिली आहे.

१८८३ मध्ये हवाई बेटांच्या राजाकडून पत्र आलं. कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करायला सिस्टर हव्या होत्या. त्याआधी पन्नासहून अधिक संस्थांनी नकार दिला होता. मॅरिअ‍ॅन यांनी होकार कळवला आणि लिहिलं की आपल्याला कुठल्याच रोगाची भीती वाटत नाही. सहा सिस्टरांना घेऊन त्या ८ नोव्हेंबर १८८३ ला होनोलुलूच्या बंदरात उतरल्या.

होनोलुलूतल्या काकाआकोच्या कुष्ठरुग्णांच्या इस्पितळात जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली आणि तिथला व्यवस्थापक रुग्णांशी क्रूरपणे वागणारा. मदरनी सरकारला सरळ सांगितलं की एकतर हा माणूस राहील नाहीतर आम्ही. त्याला काढलं गेलं आणि कारभार सिस्टरांच्या हाती आला. 'सौम्य सेवामूर्ती' म्हणताना ही बाई डोळ्यांपुढे येते का? पुढच्या वर्षी माउई बेटावर त्यांनी पहिलं सर्वसाधारण रुग्णालय सुरू केलं. १८८५ मध्ये रुग्णांच्या निरोगी मुलींसाठी घर काढलं. १८८८ मध्ये त्या मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेल्या. फादर डेमियन तिथे आधीपासून रुग्णांची सेवा करत होते, त्यांना स्वतःला रोग झालेला. १५ एप्रिल १८८९ ला ते वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत मदर तिथेच होत्या, आणि मुलग्यांच्या घराची जबाबदारीही नंतर सिस्टरांनी घेतली. ९ ऑगस्ट १९१८ ला, ऐंशीव्या वर्षी, त्या तिथेच वारल्या. पुन्हा अमेरिकेला परतल्या नाहीत. कुष्ठरोग त्यांना झाला नाही, सोबतच्या सिस्टरांनाही नाही. २०१२ मध्ये संतपद जाहीर झालं.

आता आमच्या सिस्टर. सकाळी ड्रेसिंगच्या खोलीत आल्या की आधी टबातलं पाणी बघायच्या. साधं पाणी, गरम नाही. कोपर बुडवून खात्री करायच्या, कारण समोरच्याला ऊन-गार कळत नाही, पोळलं तरी तो बोलणार नाही. मग पाय वीस मिनिटं भिजत. तेवढ्यात त्याची चप्पल स्वतःच्या हातात घेऊन आतून बोटं फिरवायच्या. खिळा वर आलाय का, खडा रुतलाय का, शिवण उसवलीये का. आम्ही शिकाऊ पोरी चपलेला हात लावायला कचरायचो. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त दुसरी चप्पल आमच्या हातात द्यायच्या. भिजून मऊ झालेली टाचेची आणि अंगठ्याखालची जाड कातडी खरवडायची, पण रक्त दिसायच्या आत थांबायचं. पाणी नुसतं टिपून घ्यायचं, आणि कातडी ओलसर असतानाच वरून तेल. कोरड्यावर तेल चोपडलं तर आतला ओलावा राहत नाही. तळव्याला शाई लावून कागदावर ठसा घ्यायच्या. ठसा जिथे गडद तिथे दाब जास्त, म्हणजे पुढची जखम तिथेच होणार. चांभाराला तो कागद दाखवून तेवढ्या जागी चपलेचा तळ मऊ करून घ्यायच्या.

खाडीवर कालवं काढायला जाणारी एक बाई यायची. तिच्या तळव्यातून सिस्टरांनी शिंपेचा तुकडा काढला, चांगला नखाएवढा. किती दिवस आत होता देव जाणे, बाईला पत्ताच नव्हता. ती लंगडतही नव्हती. कुष्ठरोगात माणूस दुखण्याने जात नाही, न दुखण्याने जातो, हे मला पुस्तकात वाचून समजलं नव्हतं ते त्या दिवशी समजलं.

ठाणे-नवी मुंबईत अशा सिस्टरांसोबत काम केलेलं, त्यांच्याकडून उपचार घेतलेलं, किंवा घरातलीच कुणी सिस्टर असलेलं कुणी असेल तर लिहा. त्यांचं काम लिहा.

---

वसईची_पोर

ताई, तुमचा धागा रात्री आईला फोनवर वाचून दाखवला. माझी आत्या नर्स-सिस्टर आहे. आम्ही वसईचे कुपारी ख्रिस्ती, मी लग्नानंतर घोडबंदर रोडला. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरातून एखादी सिस्टर नाहीतर फादर, त्यामुळे बाहेरच्यांना जे गूढ वाटतं ते आम्हाला रोजचं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आज हो म्हटलं आणि उद्या सिस्टर झाली, असं होत नाही. आधी मुलगी संस्थेत राहून बघते, संस्थाही तिला बघते. मग नवव्रतस्थ, म्हणजे शिकाऊ सिस्टर, म्हणून निदान पूर्ण एक वर्ष. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं, तीही सुरुवातीला ठराविक मुदतीची. साधारण तीन ते सहा वर्षं अशी गेल्यावर कायमची व्रतं. या काळात मुलगी परत घरी येऊ शकते, येतातही. आमच्या आळीत दोघी आल्या, लग्नं झाली, छान संसार चालू आहेत.

आत्याला नर्सिंग संस्थेने शिकवलं. तिच्या मनात शिक्षिका व्हायचं होतं. 'आज्ञापालन' म्हणजे काय ते आजीला तेव्हा कळलं आणि तिला ते आवडलं नव्हतं. आत्या मात्र म्हणते की पहिलं बाळंतपण केलं त्या रात्री तिचा विचार बदलला.

पैशांचं: तिचा पगार तिचा नाही. चर्चच्या कायद्यानुसार सिस्टर जे कमावते ते संस्थेचं. तिच्या गरजा संस्था बघते. आमच्याकडे लग्नाला यायचं तर एसटीचे पैसे आणि परवानगी दोन्ही मागून घेते. भावाने दिलेली साडी-चोळीसुद्धा सगळ्यांसाठी म्हणून कपाटात जाते. यावरूनच कोर्टात मोठी केस झाली होती. अनुदानित शाळांतल्या सिस्टर आणि फादर यांचं म्हणणं होतं की पगार आमच्या हातात राहतच नाही तर प्राप्तिकर कसला. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की पगार नावावर येतो, कर कापला जाईल.

पहाटे प्रार्थना, मिस्सा, मग वॉर्ड. रात्रपाळी झाली तरी सकाळची प्रार्थना चुकत नाही. आता ती सत्तरीची आहे आणि संस्थेच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात राहते. तिथे तिच्याहून म्हाताऱ्या सिस्टरांच्या पाठीला बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, तिच्या अक्षरात. निवृत्ती कधी, विचारलं तर उत्तर देत नाही.

---

खाडीपलीकडे

लेख चांगला आहे, माहितीही नवी. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. सेवा करायची आणि त्यातून धर्म वाढवायचा, हा हेतू नसतो का? आमच्या ऐरोलीत वडीलधारी मंडळी हेच म्हणत आली आहेत.

---

परिचारिका_नौपाडा

@खाडीपलीकडे, राग अजिबात नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगते. सिस्टर त्यांच्या येशूसाठी हे काम करत होत्या, हे त्या कधी लपवत नव्हत्या. भिंतीवर क्रूस होता. विचारलं तर बोलायच्या, न विचारता नाही. माझ्यासमोर कधी कुणाला ड्रेसिंगच्या बदल्यात काही मागितलं नाही. रुग्णांमध्ये वारकरी होते, मुसलमान होते, आषाढीला उपास करणारे होते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी स्वयंपाकघरात व्हायची, कारण उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तर मळमळतं, हे सिस्टरांनीच स्वयंपाकिणीला बजावलेलं. देशात इतरत्र काय झालं, काय होतं, त्यावर मी बोलणार नाही, तो माझा अनुभव नाही.

माझा एक उलटा प्रश्न. त्या माणसांना आपल्या घरांनी बाहेर काढलं होतं. त्यांच्या पायाला हात लावायला आपल्यातलं कोण तयार होतं?

---

चरईचे_आजोबा

परिचारिकाताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. चेहऱ्यावर चट्टे आले, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, तेव्हा त्यांना माडीवरच्या खोलीत ठेवलं. ताट दाराबाहेर. आम्हा मुलांना सांगितलं होतं, काका काशीला गेले. आम्ही खाली गोट्या खेळायचो आणि वर काका आहेत हे आम्हाला माहीत होतं. पुढे त्यांना वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात नेलं. ते १८९० पासूनचं, मुंबईचे तेव्हाचे महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने निघालेलं. वडील महिन्यातून एकदा भेटायला जायचे, आईला न सांगता. काका तिथेच गेले.

आपल्या माणसांनी कामं केली नाहीत असं मात्र नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनात बाबा आमटे. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे, तिथे मी स्वतः जाऊन आलो आहे. आणि संसर्गाला न भिता शुश्रूषा म्हटलं की सावित्रीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. १८९७ च्या प्लेगात त्या रुग्णांची सेवा करता करताच गेल्या.

एक शंका. मदर मॅरिअ‍ॅन यांनी नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलं होतं का?

---

परिचारिका_नौपाडा

आजोबा, तुमच्या काकांबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. अशा खोल्या ठाण्यात कितीतरी वाड्यांत होत्या.

शंकेचं उत्तर: आजच्या अर्थाने नाही. लंडनला नाइटिंगेल यांची शाळा १८६० मध्ये निघाली, अमेरिकेत तशा शाळा १८७३ पासून. मॅरिअ‍ॅन त्याआधीच इस्पितळ चालवत होत्या. त्या वॉर्डातच शिकल्या. हात धुणं, स्वच्छता, रुग्णांची रोजची पाहणी यांवर त्यांचा फार कटाक्ष होता आणि हवाईला जाताना ती शिस्त त्यांनी सोबत नेली.

---

नेरूळकर_डॉक्टर

त्वचारोग हा माझा विषय, म्हणून काही गोष्टी जोडतो.

बोटं 'झडत' नाहीत. जंतू नसांवर बसतात, संवेदना जाते, मग भाजणं, कापणं, जखम चिघळणं यांतून हाड हळूहळू झिजतं. म्हणजे विद्रूपपणा बराचसा टाळता येण्यासारखा आहे, आणि तो टाळणं हे डॉक्टरपेक्षा नर्सच्या हाती जास्त असतं. ताईंनी टब, कोपर आणि चप्पल हे जे वर्णन केलंय तो आजही पाठ्यपुस्तकातला धडा आहे.

सुमारे ९५ टक्के लोकांच्या अंगात या जंतूविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते. सिस्टरांना रोग न होण्यामागे स्वच्छतेसोबत हेही कारण असणार. पण हॅन्सन यांना जंतू दिसला तो १८७३ मध्ये, प्रतिकारशक्तीचं हे गणित कळायला बराच काळ जायचा होता. त्यामुळे १८८३ मध्ये जहाजात बसताना या बाईंना स्वतःच्या सुरक्षिततेची कसलीही हमी नव्हती.

त्यांच्या काळात औषध म्हणजे चालमोगऱ्याचं तेल. पोटात घेतलं तर उलट्या, इंजेक्शनने दिलं तर गाठी. त्याच जातकुळीतलं कडू कवठ आपल्या सह्याद्रीत उगवतं. या तेलाचं टोचता येईल असं रूप १९१५ च्या सुमारास अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतच शोधलं. १९१६ मध्ये त्या गेल्या, अवघ्या २४ व्या वर्षी. मॅरिअ‍ॅन तेव्हा कलाउपापात शेवटची वर्षं काढत होत्या.

आज एमडीटी, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार, आहे, १९८१ पासून शिफारस झालेला. सहा किंवा बारा महिने, फुकट. उपचार सुरू झाले की रुग्ण थोड्याच काळात संसर्ग पसरवणं थांबवतो. गोळ्यांनी कातडी काळसर होते, ती नंतर उजळते. हे आधी सांगितलं नाही तर लोक गोळ्या सोडतात.

आता एक कडू गोष्ट, ताईंच्या मूळ मुद्द्याला धरून. १९७६ मध्ये आफ्रिकेत, तेव्हाच्या झैरमध्ये, याम्बुकूच्या मिशन इस्पितळात इबोलाची पहिली मोठी साथ आली. तिथल्या बेल्जियन सिस्टर जीव ओतून काम करत होत्या. डॉक्टर नव्हता. रोज सकाळी पाच सिरिंज काढल्या जायच्या, दिवसभर शेकडो रुग्णांना त्याच, मध्ये नुसत्या कोमट पाण्यात खळबळून. ३१८ जणांना लागण, २८० मृत्यू. इस्पितळाच्या १७ पैकी ११ कर्मचारी गेले, त्यांत सिस्टरही. माया त्यांच्यातही काही कमी नव्हती. साधनं आणि निर्जंतुकीकरण नसलं की तीच सुई साथ पसरवते. १९९५ मध्ये त्याच देशात किक्विटला पुन्हा इबोला आला तेव्हा इटलीतल्या बर्गामोच्या संस्थेच्या सहा सिस्टर, एकीची शुश्रूषा करताना दुसरी, अशा काही आठवड्यांत गेल्या.

---

परिचारिका_नौपाडा

डॉक्टर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या सिस्टर सिरिंज उकळताना घड्याळ समोर ठेवून बसायच्या, वीस मिनिटं होईपर्यंत झाकण उघडू द्यायच्या नाहीत. घाईची वेळ असली, बाहेर रांग ओरडत असली तरी. तेव्हा आम्हाला तो हट्टीपणा वाटायचा.

---

निशिगंध

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहतेय असं वाटतं म्हणून लिहिते.

कलाउपापा हे इस्पितळ नव्हतं. तो एका बाजूला उंच कडा आणि बाकी बाजूंनी समुद्र असलेला तुरुंग होता. हवाईच्या राज्याने १८६५ मध्ये कायदा केला, १८६६ पासून माणसं पाठवायला सुरुवात केली. आयाबापांपासून मुलं, नवऱ्यापासून बायको तोडून. सक्ती उठली १९६९ मध्ये, म्हणजे औषध येऊन कितीतरी वर्षं झाल्यावर! तोवर सुमारे ८००० माणसं तिथे धाडली गेली, त्यांत बहुतेक मूळ हवाईचे लोक. मदर मॅरिअ‍ॅन यांनी निरोगी मुलींसाठी घर काढलं, पण ते घरसुद्धा मुलींना आईवडिलांपासून वेगळं ठेवूनच चाललं. सेवा करणाऱ्याने त्या व्यवस्थेला प्रश्न विचारायला नको होता का? आणि आपल्याकडेही १८९८ चा कायदा होताच, रस्त्यावरच्या गरीब कुष्ठरुग्णाला पकडून डांबण्याची परवानगी देणारा. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं.

---

परिचारिका_नौपाडा

निशिगंध, तुमचा एकही मुद्दा खोडण्यासारखा नाही. मी त्यावर खूप विचार केला आहे, कारण आमच्या दवाखान्यालाही एकेकाळी कुंपण होतं.

मदर मॅरिअ‍ॅन यांनी तो कायदा मोडायचा प्रयत्न केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्या त्याच्या आत राहून लढल्या. क्रूर व्यवस्थापकाला घालवलं. सरकारकडे अन्न, कपडे, छप्पर यांसाठी सतत भांडल्या. कलाउपापातल्या मुलींना गोणपाटासारखे कपडे मिळायचे, तिथे त्यांनी रंगीत झगे आणि रुमाल शिवून घेतले, मुलींना शिवणकाम शिकवलं, बाग केली, फळझाडं लावली. माझ्या मते हे वरवरचं नाही. ज्या मुलीचा चेहरा बघून लोक तोंड फिरवतात तिच्यासाठी लाल रुमाल मागवणं म्हणजे ही पोर अजून पोरच आहे असं सरकारला सांगणं. पण तुरुंग तो तुरुंगच, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते या धाग्यावर असायलाच हवं.

---

तुर्भे_नाका

मी आशा सेविका म्हणून काम करते. घरोघरी कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम असते तेव्हा आमच्याकडे खाणीच्या बाजूच्या वस्त्या येतात. इथले सगळे शिकलेले आहेत, मी साधंच लिहिते.

लोकांना वाटतं हा रोग संपला. २००५ ला सरकारने सांगितलं की दहा हजारात एकाच्या खाली आला. खाली आला म्हणजे संपला नाही. आम्हाला दर मोहिमेत चट्टे मिळतात. बाया पाठ दाखवत नाहीत, दारात पुरुष उभा असतो. मग मी म्हणते पाणी द्या, आत जाते, तिथे बघते. चट्ट्यावर पेनाचं टोक हलकं लावायचं, डोळे मिटून 'कुठे लागलं' विचारायचं. बोट दुसरीकडे ठेवलं किंवा कळलंच नाही की चिठ्ठी द्यायची.

आमच्या वस्तीत आठवड्यातून एकदा दोन सिस्टर यायच्या, एक औषधाची पेटी आणि एक वही. वहीत प्रत्येकाचं नाव नाही, घराची खूण लिहायच्या. निळा पत्रा, पिंपळाखाली, असं. का, तर वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाचा रोग कळू नये. मी ती पद्धत अजून वापरते. दुसरं म्हणजे त्या प्रत्येक घरी पाणी प्यायच्या. ज्या घरी चट्टा, त्या घरी पण. बाकीचे बघायचे. त्याच्यानंतर शेजारणी पण त्या घरी जाऊ लागल्या.

मऊ तळाच्या चपला, एमसीआर म्हणतात त्या, सरकारी मिळतात. पण लोक घालत नाहीत. ओळखू येतात म्हणून. साध्या बाजारातल्या चपलेसारख्या दिसणाऱ्या करा असं मी मीटिंगमध्ये सांगितलं आहे.

---

नेरूळकर_डॉक्टर

@तुर्भे_नाका, पेनाच्या टोकाची ही तपासणी इतक्या नीट शब्दांत मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगता आलेली नाही. आणि चपलेबद्दल शंभर टक्के सहमत. शक्यतो लेखी द्या.

---

वसईची_पोर

वहीतल्या खुणा वाचून आत्याला फोन केला. म्हणाली, आम्हीही असंच करायचो, क्षयाच्या रुग्णांसाठी. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, आधीच्या सिस्टरने. तिला कुणी शिकवलं ते हिला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. आता आमच्याकडून मुली संस्थेत जात नाहीत. घरात एक-दोनच मुलं, मुली बीएस्सी नर्सिंग करून आखातात नाहीतर आयर्लंडला जातात. त्यांना चांगले पैसे मिळावेत, माझी काहीच तक्रार नाही. पण आत्याच्या घरात सगळ्यात लहान सिस्टर झारखंडची आहे आणि बाकी सगळ्या साठीच्या पुढच्या.

---

खाडीपलीकडे

परिचारिकाताई, तुमच्या उलट्या प्रश्नावर काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. पण घरच्यासाठी एक विचारतो. वडिलांना पंधरा वर्षं डायबेटिस. तळव्याला काही लागलं तर कळत नाही म्हणतात. तुम्ही लिहिलं तसं पाय भिजवून, खरवडून, तेल लावलं तर चालेल का?

---

परिचारिका_नौपाडा

नाही, भिजवू नका. कुष्ठरोगातली पद्धत डायबेटिसला जशीच्या तशी लावायची नाही. त्यांचे पाय रोज साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा, तेल किंवा क्रीम तळव्याला आणि टाचेला लावा, बेचक्यांत नको. जाड कातडी घरी ब्लेडने कापू नका, कॉर्नच्या पट्ट्याही नकोत. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा चप्पल हवीच, आणि देवळात निदान मोजे घालू द्या. गरम पाण्याची पिशवी घरातून काढूनच टाका. रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा, त्यांना वाकून दिसणार नाहीत. आणि आज, आत्ता, त्यांच्या चपलेत हात घालून बोटं फिरवा.

---

खाडीपलीकडे

फिरवली. डाव्या चपलेत टाचेजवळ खिळ्याचं टोक वर आलंय. तळव्याला त्याच जागी बारीक काळा ठिपका आहे. वडील म्हणतात काही दुखत नाही.

---

परिचारिका_नौपाडा

दुखणार नाहीच. दाबून बघू नका, काही लावू नका. स्वच्छ कोरडी पट्टी ठेवा, त्या पायावर भार देऊ देऊ नका आणि उद्या सकाळी ओपीडी उघडताच घेऊन जा. रात्रीत ताप आला, पाय लाल होऊन सुजला किंवा वास आला तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते आठवून ठेवा. आणि ती चप्पल पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.